परघरी राहून परभाषा शिकणारी शिक्षिका

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील व्याख्यान)



परभाषा शिकण्यासाठी परदेशी जाऊन तेथील एखाद्या कुटुंबात राहावयाचे, ही पद्धती पाश्चात्त्य देशांत आता चांगली रूढ झालेली आहे. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला ह्या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. परंतु अशा रीतीने परघरी राहणारी व्यक्ती जेव्हा स्वतःच उद्याची शिक्षिका असते, तेव्हा ती तेथे भाषेखेरीज आणखीही काही शिकते. शाळेची भाषा ज्याला कळत नाही असे मूल वर्गात बसते, तेव्हा त्याची अवस्था काय होते, हे तिला स्वतःवरून कळते. आजच्या विषयाचे प्रयोजन एवढेच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या आज चार कोटींहून अधिक आहे. त्यांतील पुष्कळ कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत दक्षिणेकडील देशांतून आलेली आहेत. काही मात्र १८४८ साली मेक्सिकोशी झालेल्या तहाने तो प्रदेश अमेरिकेकडे गेला तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, तेथेच नांदत आहेत. ह्या घरांतील मुले शाळेत येतात ती घरची भाषा घेऊन. शाळा मात्र इंग्रजीची. १९६८ साली तेथे द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला. पुढे १९७४ साली सान फ्रान्सिस्को येथील चिनी भाषिक मुलांच्या एका दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचा आशय असा, की सर्वांना एकच इमारत, एकच पुस्तक व एकच शिक्षक दिल्याने समान वागणूक दिली असे होत नाही. ज्या मुलाला शिक्षकाची भाषाच कळत नाही, त्याला त्या शिक्षणातून काहीच मिळत नाही. त्यानंतरही धोरण स्थिर राहिले असे नाही. कॅलिफोर्निया राज्यात १९९८ साली मतदारांनी कौल देऊन द्विभाषिक शिक्षणाला पुष्कळसा आळा घातला आणि २०१६ साली मतदारांनीच तो उठविला. हे काही असले तरी वर्गात मुले रोज येतच असतात. म्हणून तेथील अध्यापन विद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी पदवीपूर्वी वा सुटीत स्पॅनिश शिकावयास बाहेर पडतात. कोणी स्पेनमध्ये जातात, कोणी मेक्सिकोत; आणि पुष्कळ जण मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाची वाट धरतात.

ग्वाटेमालातील आन्तिग्वा हे गाव ह्या कामी विशेष प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, तीन ज्वालामुखी पर्वतांच्या सान्निध्यात ते वसलेले आहे. स्पॅनिश अमलात ही त्या प्रांताची राजधानी होती. १७७३ च्या भूकंपांनी ती उद्ध्वस्त झाली, राजधानी दुसरीकडे हलविण्यात आली आणि मागे राहिलेल्या गावाला ‘आन्तिग्वा’, म्हणजे ‘जुनी’, हे नाव पडले. पडक्या चर्चांच्या कमानी, दगडी फरसबंदीचे रस्ते आणि बैठी कौलारू घरे असे त्याचे रूप आहे. १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झालेला आहे. परंतु भाषा शिकणाऱ्यांना हे गाव सोयीचे वाटते ते निराळ्या कारणाने. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकिन’ ह्या संस्थेने येथे परदेशीयांना स्पॅनिश शिकविण्याचे काम हाती घेतले आणि पुढे अशा शाळा गावभर निघाल्या. त्यांची पद्धत साधी आहे. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक; सकाळी चार-पाच तास दोघे समोरासमोर टेबलाशी बसतात; आणि उरलेला दिवस विद्यार्थ्याने एका स्थानिक कुटुंबात काढावयाचा. राहण्याचे व जेवणाचे पैसे ठरलेले असतात. घरातील गृहिणीच्या हाती ती रक्कम पडते व संसाराला त्याचा आधार होतो.

अशी एखादी भावी शिक्षिका डोळ्यांपुढे आणावी. वय वीस-बावीस वर्षांचे. पुस्तकी स्पॅनिश दोन वर्षे शिकलेली. क्रियापदांचे तक्ते पाठ. बालमानसशास्त्राच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविलेले. ती संध्याकाळी त्या घरी येऊन पोचते. गृहिणी दारात स्वागत करते, भरभर काहीतरी बोलते, आणि ह्या मुलीला त्यातील एकही शब्द सुटा ऐकू येत नाही. पुस्तकात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. ती हसून मान हलविते. होकार कशाला दिला हे तिला कळते ते जेवणाच्या वेळी, पानात तिसऱ्यांदा वाढले जाते तेव्हा.

पाहुणीची पहिली शाळा म्हणजे ते जेवणाचे टेबल. काळा घेवडा शिजवून, घोटून, फोडणीत परतलेला. अंडी, भात, एखाद्या दिवशी मसालेदार रश्श्यातील कोंबडी. आणि प्रत्येक जेवणाला मक्याच्या भाकऱ्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवावयाचा, धुऊन वाटावयाचा, आणि त्या पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांत थापून तव्यावर टाकावयाचा. थापण्याचा तो आवाज आपल्याकडील कोणत्याही स्त्रीला परका वाटणार नाही. (मका, मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू हे सारे त्याच खंडातून आपल्याकडे आले, त्यामुळे त्या बाजारात मराठी माणसाला अनोळखी असे फार थोडे सापडेल.) जेवण संपवून उठताना प्रत्येक जण ‘मुचास ग्रासियास’, म्हणजे ‘आभारी आहे’, असे म्हणतो आणि बसलेले लोक ‘ब्वेन प्रोवेचो’, म्हणजे ‘अन्न अंगी लागो’, असे उत्तर देतात. हा शिष्टाचार तिच्या पुस्तकात नव्हता. दोन दिवस ती काही न बोलता उठते. तिसऱ्या दिवशी घरातील लहान मुलगा तिला अडवितो आणि म्हणावयास लावतो. भाषेचा एक भाग असा केवळ पाहून शिकावा लागतो. तो विचारता येत नाही, कारण काय विचारावयाचे हेच ठाऊक नसते.

पहिल्या आठवड्यात ती फारशी बोलत नाही. आपल्या घरी विनोदी व हजरजबाबी म्हणून ओळखली जाणारी ही मुलगी तेथे मुकी, किंचित मंदबुद्धी अशी भासते. बोलण्याचा धागा तिला सापडेपर्यंत बोलणे पुढच्या विषयावर गेलेले असते. सगळे हसतात तेव्हा तीही हसते. का, हे तिला माहीत नसते. रात्री आठ वाजताच तिला झोप अनावर होते. हा आळस नव्हे. न कळणाऱ्या भाषेकडे दिवसभर कान लावून बसणे हे श्रमाचे काम आहे, आणि हे श्रम पाहणाऱ्याला दिसत नाहीत. अमेरिकन भाषाशिक्षणतज्ज्ञ स्टीफन क्रॅशेन ह्यांनी ह्या अवस्थेला ‘मूक काळ’ म्हटले आहे. नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, बोलत नाही. परंतु ते ऐकत असते, साठवीत असते. भय व लाज वाढली तर ऐकलेले आत पोचत नाही, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. क्रॅशेन ह्यांच्या काही मतांवर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि मूक काळाची गोष्ट पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या कोणत्याही शिक्षकाला पटण्यास हरकत नसावी.

मग चुका सुरू होतात. स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषिकांची एक चूक जगप्रसिद्ध आहे. ‘मला ओशाळल्यासारखे झाले’ असे सांगावयाचे असते. इंग्रजी शब्दासारखा दिसणारा ‘एम्बारासादा’ हा स्पॅनिश शब्द तोंडून जातो. आणि त्याचा अर्थ होतो ‘गरोदर’. अविवाहित पाहुणी जेवणाच्या टेबलाशी हे सांगते तेव्हा जे व्हावयाचे ते होते. येथे गृहिणीचे वर्तन पाहण्यासारखे असते. चांगली गृहिणी ‘हे चुकले’ असे म्हणत नाही. हसू आवरून ती म्हणते, ‘हं, ते दा पेना’, म्हणजे ‘तुला लाज वाटली होय’, आणि पुढे बोलू लागते. योग्य शब्द पाहुणीच्या कानांवर पडला, बोलणे तुटले नाही, आणि मान राखला गेला. घरोघरी आया बोबड्या मुलांशी ह्याच रीतीने बोलतात. सकाळचा शिक्षक मात्र वहीवर खुणा करतो, नियम सांगतो, वाक्य दहा वेळा म्हणवून घेतो. त्याचीही गरज आहेच. नियमावाचून भाषेला शिस्त लागत नाही. परंतु पाहुणीची जीभ सैल होते ती बहुधा स्वयंपाकघरात.

व्याकरणासंबंधी एक गोष्ट मराठी शिक्षकांना मौजेची वाटेल. इंग्रजी भाषिकाला स्पॅनिशमध्ये फार छळणारे एक वाक्य म्हणजे ‘मे गुस्ता’. इंग्रजीत माणूस कर्ता असतो आणि तो वस्तूला आवडून घेतो. स्पॅनिशमध्ये वस्तू कर्ता असते; ‘मे गुस्ता’ म्हणजे अक्षरशः ‘मला आवडते’, आणि वस्तू अनेक असल्या तर ‘मे गुस्तान’, ‘मला आवडतात’. अमेरिकेतील विद्यार्थी ह्या एका वाक्यापाशी महिना-महिना अडखळतात. मराठी मूल ते पहिल्या दिवशी म्हणेल. तेथील त आणि द हेही आपल्याप्रमाणेच दंत्य आहेत. इंग्रजी जीभ त्यांच्या जागी ट-ड कडे झुकते. एकवचनी जवळिकीचे सर्वनाम स्पॅनिशमध्येही ‘तू’ हेच आहे, आणि तो योगायोग नव्हे, दोन्ही भाषांचे मूळ कुळ एक आहे. (ग्वाटेमालात मात्र आपसात ‘वोस’ म्हणतात आणि मान द्यावयाचा तर ‘उस्तेद’, पुस्तकातून ‘तू’ शिकून आलेल्या मुलीचा येथेही गोंधळ होतो.) आपण महिन्याच्या महिन्याला ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला असून स्पॅनिशमध्ये ‘पैसे देणे’ ह्या अर्थी तोच शब्द आहे. सांगावयाचे ते एवढेच, की अवघड भाषा आणि सोपी भाषा असे जगात काही नसते. कोण कोठून निघाला आहे त्यावर ते ठरते. एका मुलाला धड्यातील जे वाक्य सरळ वाटते, ते शेजारच्या मुलाला घाट चढण्यासारखे वाटते. आणि त्याचे कारण बुद्धीत नसते, घरच्या बोलीत असते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत आपल्या ह्या पाहुणीला बाजारहाट जमू लागतो. गृहिणी शेजारणीला अभिमानाने सांगते, की आता हिला सगळे कळते. पण तिला सगळे कळत नाही. वर्तमानपत्रातील अग्रलेख पुढे घेतला की तिसऱ्या ओळीत ती थांबते. कॅनडातील शिक्षणशास्त्रज्ञ जिम कमिन्स ह्यांनी १९७९ मध्ये हा भेद मांडला. चारचौघांत बोलण्याची भाषा ही एक आणि धडा समजून घेण्याची, कारणे देण्याची, लिहिण्याची भाषा ही दुसरी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीला पाच वर्षे आणि कधी त्याहून अधिक लागतात. येथे शिक्षकांची मोठी फसगत होते. मैदानावर खडाखडा बोलणारे मूल गणितातील लेखी उदाहरण वाचून गप्प बसते, तेव्हा ‘भाषा तर येते, मग हा डोक्यानेच कमी’ असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळ मुलांचे नुकसान ह्या एका निष्कर्षाने झालेले आहे.

आता ग्वाटेमालातील आणखी एक बाजू पाहावयाची आहे. ती न पाहता आलेली पाहुणी अर्धेच पाहून गेली असे म्हणावे लागेल. जी स्पॅनिश शिकण्यासाठी ती एवढ्या दूर आली, ती त्या देशातील लक्षावधी लोकांची मायबोली नव्हे. तेथे माया कुळातील बावीस भाषा बोलल्या जातात. आन्तिग्वाच्या अवतीभवतीच्या खेड्यांत काक्चिकेल बोलतात. जवळच्या सान आन्तोनिओ आग्वास कालिएन्तेस ह्या गावच्या स्त्रिया हातमागावर सुंदर पोलकी विणतात आणि विकावयास घेऊन येतात. गिऱ्हाइकाशी त्यांची भाषा स्पॅनिश, आपसात काक्चिकेल. त्यांच्यापैकी एखाद्या वयस्क बाईशी ओळख झाली आणि भाषेचा विषय निघाला, की पाहुणीला कळते की ह्या बाईलाही स्पॅनिश शिकावी लागली होती. आणि तिच्यासाठी कोणी एकास एक शिक्षक नेमला नव्हता, किंवा टेबलाशी बसून हसू आवरणारी गृहिणीही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तेथील शाळेत मूल आले ते काक्चिकेल, किचे वा माम बोलत. आणि शाळा चालली ती स्पॅनिशमध्ये. कित्येकांनी दोन-तीन वर्षांत शाळा सोडली.

ह्यात बदल झाला तो उशिरा. वर उल्लेखिलेल्या १९६९ च्या संस्थेने परदेशीयांना स्पॅनिश शिकविण्याबरोबरच मायाभाषक तरुणांना भाषाशास्त्राचे शिक्षण दिले व त्यांच्याकडून त्यांच्याच भाषांच्या कोशांचे व व्याकरणाचे काम करविले. १९८५ च्या राज्यघटनेत, आदिवासी बहुसंख्य असलेल्या भागांत शिक्षण शक्यतो द्विभाषिक असावे, असे कलम आले. १९९० मध्ये माया भाषांची अकादमी कायद्याने स्थापन झाली. छत्तीस वर्षांचे यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले आणि २००३ मध्ये राष्ट्रीय भाषांचा कायदा संमत झाला. कायदा आणि वर्ग ह्यांत तेथेही अंतर आहेच. परंतु पाहुणीच्या मनात ह्या ओळखीने जी उलथापालथ होते, ती महत्त्वाची. तिची स्वतःची सहा आठवड्यांची घुसमट ही हौसेची होती. परतीचे तिकीट पेटीत होते. नकोसे झाले तर शाळा बदलून मिळत होती. आणि तिची मायबोली इंग्रजी तिच्या अडाणीपणावर पांघरूण घालीत होती, कारण त्या गावात इंग्रजीला मान आहे. भाषा न येणाऱ्या मुलाच्या वाट्याला ह्यांतील काहीही येत नाही. तेव्हा परघरी राहून आल्याने मुलाचे दुःख आपल्याला पूर्ण कळले, असे तिने समजू नये. त्याची चव तिने घेतली, इतकेच.

ह्या पद्धतीतील वैगुण्येही सांगितली पाहिजेत. एकाच घरी चार-चार विद्यार्थी ठेवले जातात, तेव्हा ते घर राहत नाही, खाणावळ होते. विद्यार्थी संध्याकाळी चौकात जमून आपल्याच भाषेत गप्पा मारतात आणि दोन महिन्यांनी आले तसे परततात. गृहिणी थकलेली असते. पाहुण्याशी बोलणे हे तिच्या दृष्टीने दिवसाचे आणखी एक काम असते. केवळ मुक्काम केल्याने भाषा येते असे नाही. ओट्याशी उभे राहून मक्याचा गोळा हातात घेतला, भाकरी वेडीवाकडी झाली, मुले हसली, तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, अशांनाच ती येते.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वारली मुलांमध्ये चालविले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, आणि ते गुरे राखावयास जाते तर शाळाही कुरणात न्यावी, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी परदेशी जावे लागले नाही. शहर सोडून त्या पाड्यांच्या शेजारी राहिल्या, एवढेच. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे आपल्या संविधानाच्या ३५०-अ ह्या अनुच्छेदात १९५६ पासून नमूद आहे. सातपुड्यातील भिली व पावरी, मेळघाटातील कोरकू, यवतमाळकडील कोलामी, गडचिरोलीतील गोंडी व माडिया, तांड्यावरील गोरमाटी, ह्या भाषा घेऊन आलेली मुले आज आपल्या शाळांत बसतात. ऊसतोडीच्या फडावरून मध्येच येऊन मध्येच जाणारे मूल तर कित्येकदा दोन-तीन बोलींच्या सांध्यावर उभे असते.

शिक्षकाने मुख्यालयी राहावे की न राहावे, ह्या वादात येथे शिरावयाचे नाही. त्यावर परिपत्रके पुष्कळ आहेत आणि घरभाड्याचा हिशेबही सर्वांना ठाऊक आहे. परंतु तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलने येणाऱ्या शिक्षकालाही वर्षातून चार रात्री एखाद्या पाड्यावर राहता येतील. अट एकच, की तेथे त्याने पाहुणा म्हणून बसू नये, तर शिकणारा म्हणून बसावे. पिठले-भाकरी खाताना ताटातील प्रत्येक वस्तूचे नाव त्या घरच्या बोलीत विचारावे आणि आपण चुकलो की मुलांना हसू द्यावे. गुरुजी चुकतात हे एकदा पाहिलेले मूल वर्गात चुकण्यास तितकेसे भीत नाही.

आन्तिग्वाच्या पाहुणीच्या तोंडी सर्वांत अधिक वेळा येणारे वाक्य ‘कोमो से दिसे?’ हे असते. ‘ह्याला काय म्हणतात?’ एवढाच त्याचा अर्थ. पहिलीच्या वर्गात जूनमध्ये हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी यावे, मुलाच्या नव्हे. पान, काठी, दगड, पाणी अशी वस्तू हाती धरावी आणि ‘तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात?’ असे विचारावे. मूक बसलेल्या मुलाला बोलावयास लावण्याची घाई करू नये. त्याने बोटाने दाखविले तरी ते उत्तर मानावे. भूक लागली, तहान लागली, पोट दुखते, बाहेर जावयाचे आहे, भीती वाटते, ही पाच वाक्ये तरी मुलांच्या बोलीत शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात समजली पाहिजेत. कारण ती न समजल्याने ओल्या चड्डीने घरी गेलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, आणि हजेरीपटावर त्याच्यापुढे केवळ गैरहजेरी मांडली जाते. जमविलेले शब्द देवनागरीत एका वहीत लिहीत जावे. शब्दापुढे मराठी अर्थ, आणि तो शब्द कोणत्या पाड्यावर ऐकला त्याचे नाव असावे, कारण डोंगराच्या दोन बाजूंना एकच शब्द निराळा होतो. ही वही शाळेच्या कपाटात राहावी. बदलीच्या वेळी कार्यभार देताना खुर्च्या, टेबले, नकाशे व तराजू ह्यांच्या यादीत तिचीही नोंद करावी, आणि नव्या शिक्षकाची सही घेऊन ती त्याच्या हाती द्यावी.